माझ्या यादीत हळद नव्हती

माझ्या प्रयोगशाळेच्या दारावर एक यादी चिकटवलेली आहे. मथळा आहे, 'या खोलीत करू नये'. एक, चपला आत आणू नयेत. दोन, ओली छत्री आत आणू नये. चार, खिडकी उघडू नये. पाच, ओल्या फडक्याने फरशी पुसू नये. सहा, उदबत्ती लावू नये. अशी एकूण चौदा कलमं. प्रत्येक कलमामागे माझा एकेक वाया गेलेला आठवडा आहे. खाली कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलने पंधरावं कलम जोडलं होतं: श्वास घेऊ नये. ते मी खोडलं नाही. श्वासात बाष्प असतं, तेव्हा मुद्दा बरोबर होता.

याद्या करणं हा माझा स्वभावच आहे. किराणा, प्रवास, पाहुण्यांचं जेवण, फोनवर बोलायचे मुद्दे, सगळ्याच्या याद्या. नवरा म्हणतो, "तू वर गेलीस तरी तेराव्याचं सामान फ्रिजवर लिहून जाशील." मी म्हणते, "लिहावंच लागेल. तुम्हाला घरात वेलदोडे कुठे असतात ते तरी माहीत आहे का?"

मी नाशिकच्या एका कॉलेजात चोवीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवते. एक्केचाळिसाव्या वर्षी पीएचडीला नाव घातलं. दोन्ही मुली बाहेर शिकायला गेल्या होत्या, घर आपोआप आवरलेलं राहायला लागलं होतं आणि मला काही सुचेना. तीन-चार वर्षांत उरकू, असं मी वहीत लिहिलं होतं. आठ वर्षं झाली. मागच्या वर्षी मिळालेली मुदतवाढ शेवटची होती आणि ती दिवाळीच्या आधी संपत होती. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात समिती आमच्याच कॉलेजात येऊन काम बघणार होती. समितीने मान डोलावली तर प्रबंध लिहायचा. नाही तर आठ वर्षांच्या अकरा नोंदवह्या कपाटात ठेवून कुलूप लावायचं. मधला काही मार्ग नव्हता.

माझे मार्गदर्शक माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. अकरावीत ते माझ्या वर्गात होते. तेव्हा मी त्यांना 'अरे' म्हणत असे. आता मी त्यांना सर म्हणते आणि ते मला मॅडम म्हणतात. खोलीत तिसरा माणूस आला की कोण कुणाला शिकवतंय हे त्याला शेवटपर्यंत उमगत नाही.

माझा विषय म्हणजे पेरोव्हस्काइटचे सौर सेल. गच्चीवर निळ्या-काळ्या पाट्या दिसतात त्या सिलिकॉनच्या. त्या भट्टीत तापवून बनतात आणि पंचवीस-तीस वर्षं ऊन खातात. पेरोव्हस्काइटचा सेल मात्र शाईतून बनतो. पिवळ्या शाईचे चार थेंब काचेवर टाकायचे, काच गरगर फिरवायची, मग तव्यावर ठेवायची. तवा म्हणजे तापणारी सपाट पाटी, पण आम्ही तवाच म्हणतो. काही सेकंदांत पिवळ्याचा गडद तपकिरी रंग होतो. तो बदल आठ वर्षं पाहूनही मला दर वेळी पोळी फुगल्यासारखा आनंद होतो. हा तपकिरी थर ऊन असं झकास खातो की बस. फक्त त्याला दमट हवा सोसत नाही. चार-आठ दिवसांत तो पुन्हा पिवळा पडतो. पिवळा पडला म्हणजे गेला.

कारण साधं आहे. हा थर अखंड नसतो, बारीक बारीक कण शेजारी शेजारी बसलेले असतात. न्हाणीघराच्या भिंतीवरच्या फरश्या आठवा. ओल फरशीतून येत नाही, दोन फरश्यांच्या फटीतून येते. गवंडी त्या फटी बुजवतो, तसं आम्ही पॉलिमरने करतो. पॉलिमर म्हणजे लांबलचक साखळीचा रेणू, सोप्या भाषेत प्लास्टिक. शाईत त्याची कणभर पूड विरघळवली की तो कणांच्या फटींत जाऊन बसतो. ओल अडते, शिवाय फटीत वाया जाणारी थोडी वीजही वाचते. मात्र प्रमाण चुकलं की संपलं. कमी पडला तर फटी उघड्या, जास्त झाला तर वीजच अडते, कारण प्लास्टिकमधून वीज जात नाही. हे 'कणभर' म्हणजे नक्की किती, हे शोधण्यात माझ्या आठापैकी पाच वर्षं गेली.

माझं सासर निफाडकडचं. दिराची द्राक्षबाग आहे आणि अवकाळीच्या भीतीने त्यांनी बागेवर प्लास्टिकचं आच्छादन घातलंय. नवऱ्याने माझं सगळं संशोधन एकदा शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे दादा बागेवर टाकतो तेच तू काचेवर टाकतेस. त्याला एका आठवड्यात जमलं."

शेवटची परीक्षा मी गणपतीच्या आदल्या दिवशी सुरू केली. एका ट्रेमध्ये बारा काचा मांडल्या, टपालाच्या तिकिटाएवढ्या. एक ते चार साध्या. पाच ते आठ 'आतून', म्हणजे शाईत पॉलिमर घातलेल्या. नऊ ते बारा 'आतून-वरून', म्हणजे शाईत पॉलिमर आणि वरूनही त्याचाच पातळ थर. ट्रे उघडा ठेवायचा, नाशिकची हवा जशी असेल तशी. रोज सकाळी दहाला प्रत्येक काच दिव्याखाली धरून किती वीज देते ते मोजायचं. चाळीस दिवसांनी पहिल्या दिवसाच्या ऐंशी टक्के वीज शिल्लक राहिली तर जिंकलो.

साध्या चारही काचा गणपती उठायच्या आत पिवळ्या पडल्या. त्या मी ट्रेमध्येच ठेवल्या, तुलनेसाठी. बाकीच्या आठ टिकून होत्या. रविवार नाही, सुट्टी नाही, मी रोज दहाला हजर. आणि माझ्या आधी हजर मावशी.

मावशी म्हणजे आमच्या विभागाच्या अटेंडंट. हरसूलकडच्या. वयाने माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठ्या, नोकरीने सहा वर्षांनी जुन्या. माझी चौदा कलमं त्यांना तोंडपाठ होती. एकदा सर चप्पल घालून आत यायला लागले तर मावशींनी दारातच हात आडवा लावला. "सर, एक नंबर!" सर गुपचूप चप्पल काढून आले.

खंडेनवमीला छत्तिसावा दिवस होता. मी दहाची मोजणी आटोपून अकराला निघाले. घरी बरीच कामं होती, त्यांचीही यादी होती. मावशी टोपलीभर झेंडू घेऊन बसल्या होत्या.

"मॅडम, मशिनींची पूजा करते हां. मागच्या साली तुमच्या यादीला भिऊन नाय केली, तर त्याच आठवड्यात तवा जळाला. या साली कुनाला सोडनार नाय."

"करा ना. पण उदबत्ती..."

"भाईर लावते. माहीत हाय."

मी समाधानाने घरी गेले. पंप, पंखा, दिवा, तवा, काचा फिरवणारं यंत्र: माझ्या मनातली मशिनींची यादी एवढ्यावर संपत होती.

दसऱ्याला सकाळी घरची पूजा उरकली, दाराला तोरण लावलं, श्रीखंडाचं नवऱ्यावर सोपवलं आणि दहाला प्रयोगशाळेचं कुलूप उघडलं. खोली नवरीसारखी सजली होती. पंपाला हार. पंख्याला हार. तव्यावर स्वस्तिक. मी कौतुकाने बघत बघत ट्रेपाशी आले.

बाराही काचा पिवळ्या.

मी स्टुलावर बसले. डोकं चालेना म्हणून वही काढली आणि यादी लिहिली. एक, हात लावू नये. दोन, फोटो काढावा. तीन, मावशींना फोन. चार, सरांना फोन. पाच, रडायचं असल्यास इथे.

मग पुन्हा वाकून पाहिलं. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात लाल ठिपका होता. सातव्या नंबरावर झेंडूची पाकळी. अकराव्यावर तांदळाचे दोन दाणे.

मावशी हरसूलला गेल्या होत्या. तिसऱ्या प्रयत्नाला रेंज लागली.

"मॅडम! सोनं घ्या, सोनं!"

"घेतलं, मावशी. ट्रेला पण पूजा केलीत का?"

"मग! तुमची बारा लेकरं, एकेकाला हळद-कुंकू लावलं. एकाला नाय सोडलं. सगळ्यात आधी त्यांनाच."

"पाणी शिंपडलंत?"

"फुलानं शिंपडलं. कोरडी पूजा कोन करतं?"

"मावशी, यादी!"

तिकडून जरा दुखावलेल्या आवाजात हिशेब आला. "चपला भाईर काढल्या. खिडकी नाय उघडली. उदबत्ती व्हरांड्यात लावली, सहा नंबर. पाच नंबरला ओल्या फडक्यानं फरशी पुसू नये असं हाय. मी फरशी कुठं पुसली? हळदीचं तुम्ही काय लिवलेलंच नाय."

खरं होतं. नव्हतंच लिहिलेलं. चौदा कलमं लिहिणाऱ्या बाईला खंडेनवमी सुचली नव्हती, आणि ती काही अचानक उगवलेली नव्हती. दर वर्षी येते, कॅलेंडरवर छापलेली असते.

"हात धुतलेत ना?" मी विचारलं. त्या शाईत शिसं असतं.

"साबनानं. नऊ नंबर." आणि मग हळूच, "मॅडम, लय बिघडलं का?"

"बघते आणि सांगते," मी म्हणाले, आणि तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी अजून काही पाहिलेलंच नाही. मला पिवळं दिसलं होतं. पण हळदही पिवळीच असते.

आमच्याकडे धूळ उडवायचा एक रबरी फुगा आहे, कॅमेऱ्याची काच साफ करायला वापरतात तसा. हातमोजे घातले, चिमट्याने एक नंबरची काच उचलली, फुगा दाबला. हळद उडाली, खाली पिवळंच. ती आधीच गेलेली होती. पाच नंबर: हळद उडाली, खाली तपकिरी, पण जिथे जिथे थेंब पडला होता तिथे पिवळी गोल नक्षी, बुंदीच्या लाडवासारखी. सहा, सात, आठ, तसंच. म्हणजे फटी बुजवल्या तरी पाणी थेट अंगावर पडलं तर निभाव लागत नाही.

नऊ नंबर उचलण्याआधी चिमटा खाली ठेवला. एक घोट पाणी प्यावंसं वाटलं, पण कलम अकरा. पुन्हा उचलला. फुगा दाबला.

तपकिरी. कडेपासून कडेपर्यंत तपकिरी. कोपऱ्यात कुंकवाचा डाग, बाकी जशीच्या तशी.

दहा, तपकिरी. अकरा पिवळी, तिचा एक कोपरा महिनाभरापूर्वी माझ्याच चिमट्याने खरवडला होता, नोंद आहे. बारा, तपकिरी. दिव्याखाली धरून मोजल्या. नऊ, दहा आणि बारा आदल्या दिवशी जेवढी वीज देत होत्या, जवळजवळ तेवढीच देत होत्या. वहीतल्या यादीत पाच नंबरासमोर, रडण्याच्या, मी 'लागू नाही' असं लिहिलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

मग सरांना फोन. ते सासरी होते, मागे ताटं वाजत होती. मी सगळं सांगितलं. ताटांचा आवाज एकदम लांब गेला.

"सर?"

"मॅडम, हसतोय. माफ करा. अक्षता पण?"

"दोन दाणे. अकराव्या नंबरावर."

ते गंभीर झाले. "चार दिवसांत समिती. चाळिसाव्या दिवसापर्यंत मोजत राहा."

"ते मोजेनच. पण छत्तिसाव्या दिवसाचं काय लिहू? किती पाणी पडलं माहीत नाही. प्रयोगात नसलेली गोष्ट आत आली. कुणी म्हणेल, परीक्षाच बाद. तीन काचा ऐंशी टक्क्यांच्या वर आहेत, हा दिवस वहीत नाही लिहिला तर..."

पुढचं वाक्य मी पूर्ण केलं नाही. मला त्याची आजही थोडी लाज वाटते.

"मॅडम," सर म्हणाले, "अकरावीत मी लंबकाचं एक वाचन रबराने खोडलं होतं. तुम्ही माझं प्रॅक्टिकलचं जर्नल वर्गात वर धरून दाखवलं होतंत. म्हणालात, वाचन खोडायचं नाही; एक रेघ मारायची आणि शेजारी कारण लिहायचं. दोन मार्क कापलेत."

"तीन," मी म्हणाले.

"तीन. बघा, अजून लक्षात आहे तुमच्या."

मी वहीत लिहिलं: 'दिवस छत्तीस, दुपार. सर्व काचांवर पाणी (फुलाने शिंपडलेले, प्रमाण अज्ञात), हळद, कुंकू, अक्षता, झेंडू. चूक माझी, सूचनांच्या यादीत उल्लेख नव्हता.' आणि सही.

समितीत तिघे होते. दोघे ओळखीचे, तिसरे बाहेरून आलेले परीक्षक, पांढरे केस, चष्मा दोरीने गळ्यात. चाळीस दिवसांचा तक्ता त्यांनी बोटाने वाचला आणि बोट छत्तिसाव्या दिवसावर थांबलं. त्यांनी नोंद मोठ्याने वाचली. 'अक्षता' या शब्दावर ओळखीचे दोघे खिडकीकडे बघायला लागले. सर टेबलाखाली वाकून काही शोधत होते.

परीक्षक हसले नाहीत. "किती पाणी?"

"माहीत नाही."

"मग याला प्रयोग म्हणता येत नाही. तुमच्या तीन काचांवर थेंब पडलेच नसतील. तुम्ही काय सांगणार?"

"पडले होते, असं मला वाटतं. पण सिद्ध करता येत नाही," मी म्हणाले. समोर मुदतीचा फॉर्म होता, पेनाचं टोपण निघालेलं होतं.

"पुन्हा करून दाखवता येईल?"

"हो. एक महिना..."

"चाळीस दिवस नव्हे हो. नुसतं पाणी. आत्ता."

इथे माझ्या स्वभावाचा उपयोग झाला. त्या दिवशीच्या बॅगेच्या यादीत सातवी ओळ होती, 'राखीव काचा, कोरड्या डब्यात: साध्या दोन, आतून-वरून दोन.' कशाला लागतील हे माहीत नव्हतं. ते मला कधीच माहीत नसतं, पण यादीत असतं. डबा उघडून चार काचा पांढऱ्या कागदावर मांडल्या. चारही तपकिरी, जुळ्या बहिणींसारख्या. कोणती कुठली हे फक्त पाठीवरच्या नंबरावरून कळणार. परीक्षकांनी स्वतः त्या उलटसुलट केल्या आणि म्हणाले, "प्रत्येकीवर पाच थेंब. मोजून."

मी ड्रॉपर हातात घेतला. पहिला थेंब काच सोडून टेबलावर पडला.

तेवढ्यात मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. दसऱ्यानंतर त्या माझ्याशी जेमतेम बोलत होत्या, खाली मान घालून. त्यांनी चहा ठेवला, माझ्या हाताकडे पाहिलं, परीक्षकांकडे पाहिलं. मग ड्रॉपर माझ्या बोटांतून काढून घेतला.

"पाच ना? द्या. पोलिओचे थेंब पाजले मी गावात, रडनाऱ्या पोरांना. ह्या तर गप पडल्यात."

एक, दोन, तीन, चार, पाच. प्रत्येक काचेवर नेमके पाच, एकही इकडे तिकडे नाही. परीक्षकांनी चहाची बशी उचलली.

पहिला घोट व्हायच्या आत डावीकडून दुसरी काच थेंबांखाली पिवळी व्हायला लागली. कडा आधी, मग मध्य. मग चौथी. ओळखीच्यांपैकी एक "अरे!" म्हणाले. पहिली आणि तिसरी तपकिरीच. त्यांच्यावर पाचही थेंब गोल गोल उभे होते, अळूच्या पानावर उभे राहतात तसे. सगळ्यांचा चहा संपला. मावशींनी कप गोळा केले. थेंब तसेच होते. परीक्षकांनी टिपकागदाने ते टिपले, खाली वाकून पाहिलं, काच उलटून नंबर पाहिला, आणि चष्मा काढला.

"शिंपडलं कुणी होतं?" त्यांनी विचारलं.

मावशी कपांसकट दारात थबकल्या. "मीच, साहेब. मॅडमचा काय दोष नाय. त्यांनी यादी चांगली लावलीय, हळदीचं तेवढं राहिलं होतं."

आता परीक्षक हसले. चांगले खळखळून, चष्मा छातीवर उडेपर्यंत. मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला आणि लिहिलं: प्रबंध लिहिण्यास हरकत नाही, मात्र पाण्याची परीक्षा मोजलेल्या थेंबांनी पुन्हा करून वेगळं प्रकरण जोडावं. खाली सही केली. सर तिकडून मला खुणेने सांगत होते की आता काही बोलू नका. मी तरी विचारलंच, "थेंब किती, आणि किती वेळ? म्हणजे लिहून घेते."

ते प्रकरण मी मार्गशीर्षात पूर्ण केलं. थेंब सगळे मावशींनी टाकले. प्रबंधात आभाराच्या पानावर नावांची यादी आहे, आणि तिच्यात एक नंबरला कोण आहे हे सरांनी बघितलं तेव्हा ते म्हणाले, "मॅडम, मी दोन नंबर?" मी म्हटलं, "सर, अकरावीत होतात त्यापेक्षा वर आहात."

समितीच्या दिवशी मात्र सगळे गेल्यावर मी प्रयोगशाळेत आले, तर मावशी दारापुढे उभ्या राहून यादी वाचत होत्या.

"लिवा ना आता," त्या म्हणाल्या. "सोळा नंबर. हळद-कुंकू लावू नये."

मी पेन काढलं. थोडा विचार केला. लिहिलं: 'सोळा. खंडेनवमीची पूजा मॅडमसमोर करावी. पाणी: पाच थेंब.'

मावशींनी दोनदा वाचलं. "आनि त्या साध्यांना?"

"त्यांना नुसती हळद."

"कोरडी?"

"कोरडी."

"बरं," मावशी म्हणाल्या, आणि चपला काढून आत गेल्या.